सगळ्यांना सारखं

सकाळची धार काढून झाली तशी तराजू आत्या जंताच्या औषधाची बाटली घेऊन गोठ्यात शिरली. गावाने तिला हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. फळ कापलं तरी फोडी सारख्या, भात वाढला तरी प्रत्येकाला एकच डाव, मग तो कर्ता मुलगा असो की कालचं पोर. माझ्या हातून पंक्तिप्रपंच व्हायचा नाही, असं ती चारचौघांत सांगायची, आणि ते खरंही होतं.

सून शेळ्या धरत होती. एकवीस शेळ्या आणि नऊ करडं. शेत नावापुरतं, घर चालायचं ते याच गोठ्यावर. बाटलीवर लिहिलं होतं, पाच किलो वजनामागे एक मिली. सून सातवी शिकलेली. तिने मनातच भागाकार केला. चाळीस किलोच्या शेळीला आठ मिली, चार किलोच्या करडाला एकसुद्धा पुरता नाही. आत्याच्या हातातलं टोपण होतं चार मिलीचं, आणि तिने सगळ्यांना एकेक टोपण द्यायचं ठरवलं होतं.

सुनेने सांगून पाहिलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

"लहान म्हणून त्याच्या तोंडचं काढू का मी?" आत्या म्हणाली. "त्याला काय जंत कमी चावतात?"

"आत्या, हा खाऊ नाही. चार किलोला चार मिली म्हणजे पाचपट होतंय."

"तुझी शाळा राहू दे तिकडं. करडू धर."

सुनेने धरलं. नऊच्या नऊ तोंडं तिने आपल्या हातांनी उघडली, आणि हेच तिला जन्मभर टोचणार होतं.

ऊन डोक्यावर यायच्या आत करडांच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले. गुरांचा डॉक्टर पोचला तोवर सात गेली होती. औषध थुंकून टाकलेली दोन तेवढी वाचली. मोठ्यांना अर्धंच माप गेलंय, त्यांचे जंत आहेत तिथंच आहेत, असं सांगून तो गेला. आत्या भिंतीला टेकून बसली ती दिवसभर उठली नाही.

तिन्हीसांजेला मुलगा खड्डा बुजवून, हात धुऊन पानावर बसला. आत्याने सवयीने त्याला एक डाव भात वाढला, शेजारी तीन वर्षांच्या नातीला एक डाव वाढला, आणि तिचा हात थांबला. नातीच्या ताटातला निम्मा भात रोज कोंबड्यांना जायचा. मुलगा रोज रिकामं ताट बोटाने पुसून उठायचा. इतकी वर्षं दोन्ही तिच्या डोळ्यांसमोरच होतं.

"हा रोज अर्धपोटी उठत होता का गं?" तिने सुनेला विचारलं.

सून खाली बघून म्हणाली, "हो, आत्या."

म्हातारीने डाव तिच्या हातात दिला आणि भांड्यापासून बाजूला सरकली. बाहेर भरल्या कासेच्या शेळ्या करडांना हाका मारत होत्या.