मावशीचं बटण

घरात त्याला सगळे हुशार म्हणायचे. कुणाचा फोन अडला, कुणाचा प्रिंटर रुसला, की बोलवा हुशारला. तो यायचा, काम करून द्यायचा आणि चहा पिता पिता समोरच्याची अक्कल काढायचा. हे शेवटचं कुणी मागितलेलं नसायचं, पण मिळायचं.

त्याची मावशी गाणं शिकवायची. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. मागे उरली तिच्या ऐन भरातल्या गाण्यांच्या कॅसेटची पेटी. त्या वाजवायचं यंत्र कधीच भंगारात गेलेलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर एक जुना सीडी प्लेअर तेवढा होता. मावशीनं खुणांनी सांगितलं, भाजी चिरताना मला माझा आवाज ऐकायचाय. एवढंच मागणं. हुशारनं छाती ठोकून होकार दिला.

मेहनत त्यानं केली, नाही कशाला म्हणा. कुणाकडून टेपरेकॉर्डर मागून आणला, एकेक कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवली, खरखर काढली, सगळ्या फाइली एकाच सीडीवर चढवल्या. आपल्याच कॉम्प्युटरवर लावून पाहिली, झकास वाजली. मग मावशीच्या वाढदिवसाला, घर माणसांनी भरलेलं असताना, त्यानं ती तिच्या हातात ठेवली. मावशीनं सीडी प्लेअरमध्ये घातली, बटण दाबलं. आत जरा घरघर झाली आणि पडद्यावर अक्षरं आली: 'नो डिस्क'.

पुन्हा घातली, पुन्हा तेच. सगळे टकामका बघताहेत. चूक आपली असेल हे हुशारच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

"मावशी, भलतंच बटण दाबून दाबून बिघडवलास ना प्लेअर?" तो म्हणाला.

सगळे हसले. मावशी नाही नाही म्हणून मान हलवत होती, फळीकडे बोट दाखवत होती. त्यानं तिचा हात धरून खाली केला, राहू दे म्हणाला. जिला बोलताच येत नाही तिच्याशी वाद जिंकायला काय लागतं हो? पुढे घरात ती थट्टाच होऊन बसली. कुणाच्या हातून काही बिघडलं की म्हणायचे, मावशीचं बटण!

मग एकदा हुशारच्या ऑफिसात कार्यक्रम होता. त्यानं गाण्यांची सीडी करून नेली, तिथल्या जुन्या प्लेअरमध्ये घातली आणि पडद्यावर तीच अक्षरं आली. इथं खापर फोडायला मावशी नव्हती. परत कॉम्प्युटरसमोर बसला, तेव्हा पहिल्यांदा त्यानं तो प्रश्न नीट वाचला, जो दर वेळी न वाचताच पुढे ढकलत आला होता: डेटा डिस्क करायची की ऑडिओ? जुन्या प्लेअरला फक्त ऑडिओ कळते. त्यानं मावशीला दिली होती डेटा. फळीकडे दाखवणारं ते बोट डोळ्यांसमोरून हलेना.

आता सरळ जाऊन चुकलो म्हणावं की नाही? पण नाही. त्यानं गाणी नव्यानं ऑडिओ म्हणून चढवली. आधी एका सीडीवर मावलेल्या गाण्यांना आता सीडींची चांगली चळत लागली. ती घेतली, खिशात स्क्रू ड्रायव्हर टाकला आणि मावशीकडे गेला. प्लेअर दुरुस्त करायला आलोय, म्हणाला. मावसभाऊ दारातच हसला, मावशीचं बटण का? हुशारही हसला, मेला.

त्यानं झाकण उघडलं, उगाच फुंकर मारली, झाकण लावलं. सीडी घातली. आणि मावशीचा आवाज स्वयंपाकघरभर झाला, भरदार, मोकळा. मावशीची सुरी भाजीवर तशीच थांबली. ओठ गाण्याबरोबर हलू लागले.

बाहेरच्या खोलीतून काका आले, तिचे यजमान. गाणं ऐकून त्यांचे डोळे भरले होते. प्लेअर दुरुस्त केला म्हटल्यावर मात्र ते गोंधळले.

"अरे, हा बिघडला कधी होता?" त्यांनी फळीवरची बासरीची विकतची सीडी काढली. "ही रोज सकाळी वाजते. तू गेलास त्या दिवशीच हिनं लावून पाहिली होती. मला खुणेनं म्हणाली, पोराला सांगू नका. एवढी मेहनत केलीय, वाईट वाटेल त्याला."

हुशारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला सगळं ठाऊक होतं. थट्टा होत होती तेव्हाही ठाऊक होतं, आता तो फुंकर मारत होता तेव्हाही. मावसभाऊ दारात उभाच होता.

"बटण ती नीटच दाबत होती," हुशार म्हणाला. "सीडी मी चुकीची केली. प्लेअरला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. मावशी, मी तुला..."

मावशीनं ओठांवर बोट ठेवलं. गाणं चालू होतं, तिला ते ऐकायचं होतं.

हातातला स्क्रू ड्रायव्हर कुठं ठेवावा ते हुशारला कळेना.