सातव्या गाण्यामागचा आवाज

सोळा गाण्यांपैकी पंधरा मोकळी झाली होती. सातवं तेवढं अडकलं होतं. ते कुठे अडकलंय हे साऱ्या ब्राँक्समध्ये एकट्या थॅडियस प्रुइटला ठाऊक होतं, आणि तो एकवीस वर्षं तोंड मिटून बसला होता.

बुधवारी सकाळी रेनाटा बूनचा फोन आला. डेझ रॅव्हेनेलच्या पंचवीस वर्षांच्या रॅपमधली निवडक गाणी एका संचात निघणार होती. कुठल्या गाण्यात कुठल्या जुन्या तबकडीचा तुकडा लावलाय, ढोल कुणाचा, गळा कुणाचा, हे हुडकून त्या त्या माणसाची सही आणायची, हे कंपनीतलं रेनाटाचं काम. आणि या वेळी पहिल्यांदाच साऱ्यांची नावं छापली जाणार होती. बेस वाजवणाऱ्या टीटो माल्डोनाडोपासून नुसत्या टाळ्या वाजवायला आलेल्या चार शेजारणींपर्यंत साऱ्यांची.

"मिस्टर प्रुइट," रेनाटा म्हणाली, "चौथ्या गाण्यातला ट्रम्पेटवाला मला फ्लोरिडात सापडला, वृद्धाश्रमात. मला नात समजला आणि सही करून मोकळा झाला. अकराव्यातला ढोलवाला वारलाय. त्याच्या तिन्ही बायकांनी सह्या केल्या, तीन वेगळ्या खोल्यांत बसून. आणि तुम्ही स्वतःच्या हातानं कापलेला तुकडा कुठून कापलात, ते तुम्हाला आठवत नाही?"

"तबकडीवर लेबल नव्हतं."

"लेबलं तुम्हीच काढत होतात ना?"

ते खरंच होतं. त्या काळी चांगली तबकडी हाती लागली की डीजे ती टबात कोमट पाण्यात भिजत घालायचा. तासाभरानं मधला कागद अंगठ्यानं चोळला की गोळा होऊन निघायचा. मग पुढच्या गल्लीतला डीजे खांद्यावरून कितीही डोकावेना, त्याला काळ्या वर्तुळापलीकडे काही दिसायचं नाही. थॅडियसच्या घरात अशा बिननावाच्या चारशे तबकड्या होत्या. प्रत्येकीचं नाव त्याच्या डोक्यात होतं.

"उद्या दुपारी बाराला यादी छापायला जाते," रेनाटा म्हणाली. "तोवर नाव मिळालं नाही, तर सातवं गाणं संचातून गळालं."

तिचा फोन ठेवतो न ठेवतो तोच डेझचा वाजला.

"थॅड, भावा, गाणं मी बाहेर ठेवणार नाही. 'बारावा मजला' नसेल तर लोक संच माझ्या तोंडावर फेकतील. नवा ठेका बांधू. दुसरं कडवं आजच्या एखाद्या पोराकडून म्हणवून घेऊ."

"दुसरं कडवं यवेटचं आहे."

"मला सांगतोस कुणाचं आहे ते? पण तिचा आवाज आणि तुझा तो तुकडा एकाच फितीवर बसलेत. सुटे निघत नाहीत. तुकडा गेला की तीही गेली." डेझ जरा थांबला. "आठव ना बाबा. तुला तर शाळेतल्या मास्तरणीच्या चपलांचा रंग आठवतो."

फोन ठेवल्यावर थॅडियस पलंगावर बसून राहिला.

यवेट मेब्री तेव्हा एकोणीस वर्षांची होती. अंगानं काडी, खिशात दम्याचा पंप, आणि जिभेला अशी धार की भलेभले रॅपवाले तिच्यापुढे चाचरायचे. तिचं जगात एवढं एकच कडवं ध्वनिमुद्रित झालं. गाणं बाहेर पडलं तेव्हा वेष्टनावर तिचं नाव नव्हतं. 'साथ: मित्रमंडळ' एवढंच होतं. नंतरच्या फेब्रुवारीत ती गेली.

ज्या तुकड्यावर ती गायली, ती तबकडी थॅडियसनं तिच्याच घरातून उचलली होती. तिच्या आईच्या, वस्तीत सारे जिला मिस अर्नेस्टीन म्हणत तिच्या, फोनोग्राफखालच्या कपाटातून. तरुणपणी ऑरेंजबर्गच्या चर्चमध्ये मिस अर्नेस्टीन आणि तिच्या दोघी बहिणी गात असत. कुणीतरी त्यांच्या गाण्याच्या तबकडीच्या दोनशे प्रती काढल्या होत्या. त्यातली ही शेवटची उरलेली. आठवड्यानं परत ठेवू, असं मनाशी म्हणत त्यानं ती जॅकेटात सरकवली. पण घरी आल्यावर सवयीचे हात आपले सवयीनं चालले. टब भरला, तबकडी बुडवली. भान आलं तोवर अंगठ्याखाली तिघी बहिणींच्या नावांचा लगदा झाला होता. पुसलेली तबकडी परत कुठल्या तोंडानं ठेवणार? ठेवली नाही. मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळिसाच्या गतीनं फिरवली. तिघींचे भरलेले आवाज पोरींसारखे बारीक झाले, आणि त्यातून गाणं घडलं.

इकडे मिस अर्नेस्टीनला कपाट रिकामं दिसलं. घरात तबकड्यांच्या नादी लागलेलं माणूस एकच होतं. यवेटनं नाही म्हटलं, त्यापलीकडे काही सांगितलं नाही. आईनं तिला घराबाहेर काढलं. पाच आठवडे ती मावसबहिणीकडे राहिली, जिथल्या घरात ऊब धड येत नव्हती. तिथेच तिचा श्वास अडकला.

थॅडियस उठला. तबकडी पिशवीत घातली, तबकडी वाजवायच्या यंत्राचा लहानसा डबा घेतला, कंपनीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

लिफ्ट बंद होती. बारा मजले चढून त्यानं मिस अर्नेस्टीनचं दार वाजवलं तेव्हा त्याच्या छातीचा भाता झाला होता.

"बघा, डीजे आले," मिस अर्नेस्टीन म्हणाली. पंचाहत्तरीची बाई, पाठ अजून ताठ. "तबकड्या फिरवून पोट कमी होत नाही हो पोरा. ये, बस. संध्याकाळच्या प्रार्थनेला भाजी न्यायचीय, मला थांबता येणार नाही."

नळाखाली कॉलर्डची, कोबीच्या जातीच्या भाजीची, मोठाली पानं धुवायला पडली होती. ती एकेक पान उचलून मधला देठ ओढून काढत होती.

"यवेटचं नाव नीट लिहिलंय ना? लोक तिच्या नावाचा घोटाळा करतात. चर्चमध्ये साऱ्यांना सांगून ठेवलंय मी. शेजारच्या बाकावरच्या सिस्टर क्विलाला म्हटलं, तुझा नातू वकील झाला असेल, माझ्या पोरीचं नाव छापून येतंय. ती गाणी काही मी ऐकणार नाही, ती देवाची नाहीत. पण नाव वाचायला काय हरकत आहे?"

"मिस अर्नेस्टीन, तुम्ही जरा बसा."

"मी उभ्यानंच ऐकते. बोल."

त्यानं डबा टेबलावर ठेवला, तबकडी काढली, आणि या वेळी ती तिच्या खऱ्या गतीवर लावली. सुई खरखरली. मग तिघीजणींचा आवाज उठला, जड, सावकाश, उन्हात तापलेल्या मातीसारखा.

*ओझं माझं जड, वाट चढणीची,*
*हात दे रे नाथा, वेळ बुडणीची.*

मिस अर्नेस्टीनच्या हातातलं पान तसंच राहिलं. नळ वाहत होता. तो बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. गाणं संपलं, सुई मधल्या कोऱ्या वर्तुळाशी जाऊन टकटक करत राहिली, तेव्हा तिनं हात पुसले आणि स्वतःच सुई उचलली.

"वरचा आवाज ओडेसाचा," ती म्हणाली. "मधला क्लॅराचा. खालचा माझा. गाणं मीच बांधलं होतं, वडील गेले तेव्हा. हक्कही माझ्याच नावावर." तिनं कोऱ्या वर्तुळावर बोट फिरवलं. "इथे निळा कागद होता. माहेरच्या नावानं, फेल्डर भगिनी म्हणून, खाली आम्हा तिघींची नावं."

"मी काढला."

"तुला कुठे मिळाली?"

"इथेच. त्या कपाटात. तुम्ही चर्चला गेला होतात, यवेट माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली होती. तिनं चोरली नव्हती, मिस अर्नेस्टीन. मी चोरली."

ती बसली. खुर्ची पुढे ओढण्याचीही तसदी घेतली नाही तिनं, होती तिथेच बसली, टेबलापासून लांब, जशी दवाखान्यात बसतात तशी.

"तिला माहीत होतं?"

"नाही. मी तिला सांगितलं, रस्त्यावरच्या खोक्यात सापडली. आवाज बारीक केला होता मी. तिला कळणं शक्य नव्हतं."

"माझ्या पोरीला माझा आवाज कळणार नाही?" ती हळू बोलली. "लाव. तिचं लाव."

"तुम्ही ती गाणी..."

"लाव म्हणते ना."

त्यानं फोनवर सातवं गाणं लावलं आणि तिच्या कानाशी धरलं. डेझचं पहिलं कडवं गेलं. मग यवेट आली, न अडखळता, अधूनमधून श्वास ओढत.

*बाराव्या मजल्यावर घर, लिफ्ट सदा आजारी,*
*श्वास माझा अर्धा, तरी बोल माझे हजारी.*
*मागं गाते ती बाई मला रोज जेवू घालते,*
*तिच्या सुरावर पाय ठेवून मी वर वर चालते.*

थॅडियसनं हे कडवं हजारदा वाजवलं होतं. तिसरी ओळ पोरीची मस्ती आहे असंच तो आणि डेझ समजत आले होते. आता त्या म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघताना त्याला उमगलं की यवेटनं आईला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तबकडी कुणी नेली हेही त्याच क्षणी ओळखलं होतं. आणि आईनं दाराबाहेर काढलं तेव्हाही तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं.

तो जमिनीवरच बसला, भाजीच्या देठांशेजारी.

"परत लाव," मिस अर्नेस्टीन म्हणाली. त्यानं लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

"मी काय केलं होतं, तुला माहीत आहे?" ती म्हणाली. "बुधवारच्या प्रार्थनेत उभी राहिले आणि साऱ्यांना म्हटलं, माझी मुलगी चोर निघाली, तिच्यासाठी प्रार्थना करा. तिच्या कानावर गेलं ते. त्यानंतर ती मला भेटली नाही." ती त्याच्याकडे वळली. "तुझ्या खिशातून डोकावतोय तो कागद सहीचाच ना? मी सही केली तर ती राहील त्यात?"

"राहील. नावासकट."

"आणि नाही केली तर?"

"तर तिच्या जागी दुसरा कुणी येईल. उद्या बाराच्या आत."

"मग ऐक," ती उठली. "आज बुधवारच आहे. मी जिथे उभी राहिले होते तिथे तू उभा राहा. मला बोललास तेच त्यांना बोल. सही मी तिथे करीन. बोलला नाहीस, तर नाही करणार. मग माझी पोर मी दुसऱ्यांदा गमावली, असं समजेन. भाजी शिजली की भांडं तू धर, गरम आहे तोवर नेऊ."

भाजी शिजून तयार व्हायला संध्याकाळ झाली. कढईत डुकराच्या मांसाचा तुकडा रटरटत राहिला, आणि तो जमिनीवर बसून तोंडात जुळणारी वाक्यं मोडत राहिला.

चर्चमध्ये वीसेक माणसं होती, बहुतेक पांढऱ्या डोक्यांची. प्रार्थना चालवणारा डीकन आयसम वाकून वाकून चालत पुढे आला. दोन गाणी झाली, एक प्रार्थना झाली. मग त्यानं विचारलं, "कुणाला काही साक्ष द्यायची आहे?"

मिस अर्नेस्टीन समोर बघत होती. थॅडियस उठला. हजार माणसांपुढे तबकड्या फिरवलेल्या माणसानं पुढचा बाक दोन्ही हातांनी धरला.

"माझं नाव थॅडियस प्रुइट. तुम्ही मला मिसेस प्रुइटचा मुलगा म्हणून ओळखत असाल." या चर्चमध्ये माणूस बोलायला उठला की बाकांवरून आधाराचे शब्द येतात, पण आज कुणी हूं की चूं केलं नाही. सिस्टर क्विलानं पंखा थांबवला. "यवेट मेब्री... यवेटनं..." त्यानं मान खाली घातली. मनात आलं, बसावं. दार सात पावलांवर होतं.

"सावकाश," शेजारून आवाज आला. मिस अर्नेस्टीनचा. तिनं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. "सावकाश बोल, पोरा."

मग तो बोलला. कपाटाचं, पाण्याचं, निळ्या कागदाचं, पाच आठवड्यांचं, सगळं. "मी तिच्या मयतीला तिथे शेवटच्या बाकावर बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही. यवेट चोर नव्हती. मी होतो."

तो बसल्यावर कुणी काही म्हणायच्या आत ती उठली.

"मीही याच जागी उभी राहून माझ्या पोरीला चोर ठरवलं होतं," ती म्हणाली. "ते मी परत घ्यायला आलेय. ज्यांनी तेव्हा ऐकलं आणि आज हयात आहेत, त्यांनी हेही ऐकावं. जे गेलेत त्यांना मी वर जाऊन सांगेन."

"आमेन," डीकन आयसम म्हणाला, अगदी बारीक आवाजात. सिस्टर क्विलानं डोळ्यांना रुमाल लावला.

ती खाली बसली, मांडीवर गीतांचं पुस्तक ठेवलं आणि त्यावर कागद पसरून ओळन् ओळ वाचली. मग सही केली. एकेक अक्षर वेगळं काढून, शाळकरी मुलीसारखी. थॅडियसनं तिथल्या तिथे कागदाचा फोटो रेनाटाला पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं: 'सातवं संचात राहिलं.' त्यानं फोन तिच्यापुढे धरला. तिनं वाचून मान हलवली.

बाहेर पडताना तो दारात घुटमळला. "मिस अर्नेस्टीन, रविवारी मी येऊ का? तुम्हाला काही आणायचं असेल तर..."

"रविवारी नको," ती म्हणाली. "मला तुझं तोंड इतक्यात बघवणार नाही. कधी बघवेल तेव्हा मी सांगेन. नाही सांगितलं, तर तेही समजून घे."

"हो."

पायऱ्या उतरताना त्यानं हात पुढे केला. तिनं कठडा धरला. तो एक पायरी खाली राहून, तिच्या चालीनं उतरत राहिला.