आरशात पाहिलेली सुनावणी

मित्रांनो, मी न्हाव्याच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे. क्रांती चौकाजवळच्या एका सलूनबाहेर, पत्र्याच्या सावलीत, सध्या माझा मुक्काम असतो. मागचा एक पाय डुगडुगतो, म्हणून माझ्यावर सहसा कोणी बसत नाही. पण एका दुपारी मी जे पाहिले, ते आठवले की माझे जुने लाकूड आजही आतून स्तब्ध होते.

निजामाच्या राज्यावर झालेल्या पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. दौलताबादच्या वाटेवरचा एक म्हातारा कडुनिंब वाऱ्याने उन्मळून पडला होता. सांडू सुतारांनी त्याच्या खोडातून मला घडवले आणि मुख्तारमियांनी मला आपल्या दुकानात आरशासमोर मांडले. त्या दिवसांत हिंदू आणि मुसलमान एकमेकांकडे जपून पाहत. दुकान दिवसभर ओस राही. आपली मान कोणाच्या वस्तऱ्याखाली द्यावी, हा प्रश्न तेव्हा साधा नव्हता. अखेर एके सकाळी सांडू सुतार स्वतःच आले, माझ्यावर बसले आणि डोळे मिटून त्यांनी मान मागे टाकली. "बघू तरी, खुर्ची डुलती का," एवढेच ते म्हणाले. मुख्तारमियांनी वस्तरा पुन्हा पुन्हा चामड्यावर घासला. मग तो हलकेच त्यांच्या गळ्याला लावला. नुसते बसण्यालाही धैर्य लागते, हे मला त्या सकाळी कळले.

पुढे मुख्तारमियांच्या जागी त्यांचा मुलगा रहीम आला. माझ्या हातांवरची झिलई बोटांनी पुसून गेली. समोर आरसा आणि पाठीमागच्या फळीवर टीव्ही, अशी दुकानाची रचना झाली. त्यामुळे जग मला नेहमी आरशातूनच दिसे, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे.

मग ते दुष्काळाचे वर्ष आले. गावांसाठी निघालेले पाण्याचे टँकर गावांत पोहोचलेच नाहीत, अशी बोलवा उठली. बोट होते नानासाहेबांकडे, सोयगावकडच्या एका बड्या पुढाऱ्याकडे. आमदारांची चौकशी समिती शहरात बसली आणि केबलवाल्यांनी तिची सुनावणी थेट दाखवायला सुरुवात केली. ज्यांच्यासमोर लोक हात जोडत, त्यांना कोणी जाब विचारतो, हे शहराने कधी पाहिले नव्हते. दुकानदार गल्ला सोडून आमच्या दाराशी उभे राहत. डोके भादरून झालेली माणसे उठत नसत. पंख्याच्या घरघरीखेरीज कसलाही आवाज नसे.

एका दुपारी एक गावाकडचा माणूस दारात घुटमळू लागला. त्याची नजर टीव्हीवर होती.

"बैठो भाऊ," रहीम म्हणाला. "नुसतं बघायला आले तरी चलता."

"नाय, दाढीच करा," तो म्हणाला आणि माझ्यावर बसला. नुसते बघायला त्याला संकोच वाटला असावा. त्याचे नाव कडूबा. रहीमने फेस लावेपर्यंत त्याने सारे सांगून टाकले. तो नानासाहेबांच्या मोसंबीच्या बागेचा राखणदार होता. बागेतली एक खोली हेच त्याचे घर. आणि आज साक्षीला त्याची बायको आवडाबाई उभी राहणार होती.

"मग तुमी इथं कसे?"

"तिला फाटकापोतर सोडलं. आत मालक बसलेत. मला त्यायच्या म्होरं उभं राहवत नाय." आरशातल्या पडद्याकडे पाहत तो म्हणाला, "तिला सांगितलंय, काय बी ठावं नाय म्हण. नायतर खोली जाईल."

एक गाल झाला आणि आरशात आवडाबाई दिसल्या. डोक्यावर पदर, पावले आखडलेली. समोरच्या रांगेत नानासाहेब होते. समितीच्या अध्यक्षांनी खुर्चीकडे हात केला. आवडाबाई पुढे आल्या आणि दिसेनाशा झाल्या. पडद्यावर उरली एक रिकामी खुर्ची.

"घ्या," दारातला रिक्षावाला बन्सी हसला. "साक्षीदार पळाला. आता खुर्चीच बोलणार."

दोघेचौघे हसले. कडूबाची बोटे माझ्या हातांवर आवळली गेली. तेवढ्यात त्या रिकाम्या खुर्चीच्या खालून आवाज आला.

"बसले जी. खाली बसले."

"बाई, वर बसा."

"मालकाच्या म्होरं कसं बसू?"

"इथे कोणी मालक नाही, बाई."

दुकानातले हसू विरून गेले. त्या खुर्चीच्या हातावर आधी हिरव्या बांगड्यांचा हात आला, मग पदर, मग चेहरा. आवडाबाई खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या. मित्रांनो, आयुष्यभर मी माणसांना बसताना पाहिले आहे, पण कोणाचे बसणे इतके उंच मी पाहिले नव्हते.

"टँकर कुठे रिकामा होत होता?"

"मोसंबीच्या बागेतल्या इहिरीत."

"तुम्ही स्वतः पाहिले?"

"पाइप मीच धरत व्हते, साहेब. मालक म्हणले धर, मी धरला. गावात बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत व्हत्या. त्यात माझी माय बी व्हती."

रहीमचा वस्तरा हवेतच थांबला होता. रस्त्यावर कोणी हॉर्न वाजवला नाही. बन्सीने हळूच डोक्यावरची टोपी काढली. पडद्यावर नानासाहेबांनी मान खाली घातली, आणि आवडाबाई मात्र सरळ समोर पाहत राहिल्या.

कडूबाची बोटे एकेक करून सैल झाली. "गेली खोली," तो म्हणाला. मग पडद्यावरची नजर न काढता पुन्हा म्हणाला, "माझ्या म्होरं बी ती कधी खुर्चीवर बसली नाय."

"वहिनीला मी आणतो," असे म्हणून बन्सी रिक्षाकडे निघाला.

आवडाबाई आल्या, तेव्हा कडूबाच्या दुसऱ्या गालावरचा फेस वाळून गेला होता. त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिले.

"अर्धीच दाढी?"

"तुलाच बघत व्हतो," तो म्हणाला आणि माझ्यावरून उठला. "बस."

त्या दाराकडे सरकल्या. रहीमने खांद्यावरच्या फडक्याने मला पुसले. "बसो आपा. ये खुर्ची आपकीच समजो."

आवडाबाई बसल्या. या वेळी काठावर नाही. त्यांची थकलेली पाठ माझ्या पाठीला टेकली, आणि कडूबाने उभ्यानेच उरलेली दाढी करून घेतली.

खोली खरोखरच गेली. ती दोघे शहरातच राहिली, असे बन्सी सांगे. समितीने पुढे काय ठरवले, ते माझ्यापर्यंत पोहोचले नाही. दुकानात फिरत्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि मी बाहेर, धुळीत आले. त्याचे मला फारसे दुःख नाही. मित्रांनो, मागणे एवढेच, की माझ्या डुगडुगत्या पायाला कोणीतरी एक खिळा ठोका. एखादे माणूस संकोचून जमिनीवर बसू लागेल, तेव्हा मला त्याच्यापुढे सरकवता आले पाहिजे.