अकरा वर्षे चाके हवेत

मी एक जुनी मोटारगाडी आहे, पण माझ्यात बसून कोणी कधी गावाला गेले नाही. माझी लांबी हातभरसुद्धा नाही. माझा चालक माझ्यापासून वीस पावलांवर रिमोट घेऊन उभा असतो. माझ्या चारही चाकांना मोटरची ताकद मिळते, याचा मला एके काळी फार तोरा होता. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांची मागची दोनच चाके काम करीत. पुढची दोन पाहुण्यासारखी नुसती सोबत येत.

मित्रांनो, कारखान्यातून मी गाडी म्हणून बाहेर पडलेच नाही. एका चपट्या खोक्यात सुटे भाग, स्क्रूच्या पुड्या आणि जुळणीचा एक घडी घातलेला नकाशा, एवढीच मी होते. मला गाडी केले दोन भावांनी.

थोरला भाऊ वजनकाटे दुरुस्त करीत असे. दुकानातले तराजू, दवाखान्यातले काटे, सोनाराची नाजूक पारडी, सगळे त्याच्या टेबलावर येई. बोलायला तो कंजूष होता, पण त्याची बोटे केसाएवढा फरक ओळखत. धाकटा बांधकामावर क्रेन चालवीत असे. त्याने चाळिशी गाठली होती आणि थोरल्यापेक्षा तो डोकेभर उंच होता, तरी थोरला त्याला ‘बारक्या’ म्हणे. थोरल्याचे लग्न राहूनच गेले होते. धाकट्याचे घर दोन गल्ल्या सोडून होते, पण रविवारी सकाळी तो थोरल्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हजर असायचा.

त्या टेबलावर तीन रविवार माझी जुळणी चालली. मोटर मागे बसली. तिच्या टोकाचे छोटे दातेरी चाक एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. तिथून एक लांब दातेरी पट्टा माझ्या पाठीच्या कण्यासारखा पुढपर्यंत जातो आणि पुढच्या चाकांना ओढतो. हा पट्टा फार सैल राहिला तर दात सोडतो आणि फार ताणला तर मोटरचा जीव खातो. त्याला नेमका ताण द्यायला मध्ये एक लहानशी कप्पी आहे. दोन दातेरी चाकांच्या मध्ये थोरला वर्तमानपत्राची पट्टी घाली, मोटर दाबून घट्ट करी आणि मग पट्टी बाहेर काढी. कागदावर चुण्या पडल्या पाहिजेत, पण तो फाटता कामा नये. फाटला की पुन्हा पहिल्यापासून.

“दादा, धावेल की ती आता! किती कुरवाळशील?” धाकटा वैतागून म्हणे.

“धावेल रे. पण टिकली पाहिजे ना!” थोरला मान वर न करता सांगे.

शेवटी पुढच्या दातेरी चक्राचा डबा दोघांनी मिळून बंद केला. एकाने दाबून धरला, दुसऱ्याने चार स्क्रू पिळले. मग कामाची वाटणी आपोआपच झाली. थोरल्याने रिमोट कधी हातात घेतला नाही आणि धाकट्याने पाना.

बारा वर्षे मी धावले. बंद पडलेल्या गिरणीमागे एक मैदान होते. तिथे तपकिरी मातीची वळणावळणाची वाट केली होती आणि तिच्या कडेने लाकडी फळ्या रोवल्या होत्या. फळ्यांपलीकडे बघ्यांचे बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून लाल खडी पसरलेली असे. क्रेनवर बसून बसून धाकट्याची बोटे इतकी तयार झाली होती, की मी वळणावर घसरायच्या आधीच तो मला सावरून घेई. मी पहिली आले की तो शिट्टी वाजवी. थोरला मला उलटी करून पोट तपासू लागे. लोक म्हणत, “हात धाकट्याचा, पण गाडी थोरल्याची.” ते ऐकून दोघेही खूश होत. निदान मला तरी तसे वाटे.

हळूहळू माझ्या जातीच्या गाड्या निघायच्या बंद झाल्या. माझे सुटे भाग मिळेनात. पट्टे तर दोनच उरले, एक माझ्या अंगात आणि एक थोरल्याच्या डबीत. अशातच जुन्या गाड्यांची एक मोठी शर्यत ठरली. लांबून लांबून लोक आले. थोरल्याने दोन दिवस मला सोडले नाही. आदल्या संध्याकाळी त्याने पट्ट्याचा ताण बोटाने सात वेळा दाबून पाहिला.

शर्यतीत मी दुसरी होते. माझ्या पुढे एकच निळी गाडी होती आणि दोन फेऱ्या उरल्या होत्या. शेवटच्या वळणावर एक फळी पडली होती. धाकट्याने ते पाहिले. त्याने मला वाटेवरून न नेता त्या फटीतून, फळ्यांपलीकडून काढले. दोन हातांचे अंतर वाचले. पण क्षणभर माझी पुढची चाके लाल खडीवरून गेली आणि एक बारीक खडा उडून माझ्या पट्ट्यात शिरला. मला तो जाणवला. निळी गाडी आता मागे पडत होती. मी धावत राहिले. पुढच्या सरळ वाटेवर तो खडा पट्टा आणि चक्र यांच्यामध्ये आला, पट्ट्याचे दात सोलून निघाले, पुढची चाके जागच्या जागी अडकली आणि मी दोन कोलांट्या खाऊन उताणी पडले.

थोरला धावत आला. त्याने झाकण काढले. दात गेलेला पट्टा त्याच्या हातात लोंबत होता. सगळे भोवती जमले. धाकट्याचा चेहरा लाल झाला होता.

“सैल ठेवलास पट्टा!” तो सगळ्यांसमोर ओरडला. “दोन दिवस काय करत होतास, दादा?”

थोरल्याने पट्टा खिशात घातला, मला पिशवीत ठेवले आणि तो चालू लागला. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे बरोबर करणारा माणूस तो. आपला अंदाज चुकला, हे त्याने तिथल्या तिथे खरे मानले. मी पिशवीच्या तळाशी पडून होते. खडा माझ्या पुढच्या डब्याच्या तळाला, वंगणात रुतून बसला होता. तो मला टोचत होता, पण सांगणार कसे?

पुढच्या रविवारी धाकटा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महिन्याभरात तो दूरच्या बंदरावरच्या मोठ्या क्रेनवर कामाला लागला आणि बायकोला घेऊन तिकडेच राहायला गेला. निघताना भावजय एकटीच निरोप घ्यायला आली. “हे गाडीची वेळ गाठायला पुढे गेलेत,” असे तिने सांगितले, आणि ती खोटे बोलत होती हे थोरल्याला कळले.

मित्रांनो, माझ्या खऱ्या एकटेपणाची गोष्ट इथून सुरू होते. थोरल्याने मला अडगळीत टाकले असे समजू नका. उलट, तो दर रविवारी सकाळी दहा वाजता मला टेबलावर घेई. त्याने डबीतला शेवटचा पट्टा मला चढवला होता. तो मला उघडी, कप्पी सैल करी, पुन्हा आवळी, कागदाची पट्टी घाली, काढी. मग मला एका लाकडी ठोकळ्यावर ठेवून मोटर सुरू करी. माझी चाके हवेत गरगर फिरत. तो डोळे मिटून ऐके. आवाज निर्मळ असे. तरी त्याचे समाधान होत नसे. मोटर बंद करून तो पुन्हा स्क्रू काढायला घेई.

मला काहीही झालेले नव्हते. तरी अकरा वर्षे तो माझ्यात आपली चूक शोधत होता. जमिनीला माझे चाक एकदाही लागले नाही. उघडून उघडून माझ्या स्क्रूंची भोके सैल झाली. टेबलापलीकडची खुर्ची रिकामीच असे. आधी तिच्यावर वर्तमानपत्रे साठली, मग दुरुस्तीला आलेले काटे, मग इस्त्रीचे कपडे. खुर्ची आहे हे विसरायलाच झाले. शेजारीण कधी डोकावून म्हणे, “अहो, एवढ्या वर्षांत गाडी नीट नाही झाली का?” तो म्हणे, “होत आली.”

त्याचे केस पांढरे झाले. भिंग लावल्याशिवाय त्याला माझे दात दिसेनात. फोन कोपऱ्यात होता. तो वाजला की थोरला लगबगीने उठे, आणि पलीकडून कोणी दुकानदार तराजूबद्दल विचारी.

मग एका रविवारी माझ्या पुढच्या भागातून बारीक चिरका आवाज येऊ लागला. वंगण सुकले होते. इतकी वर्षे थोरल्याने वरचे झाकण आणि मधली कप्पी, एवढेच पाहिले होते. चूक तिथेच आहे याची त्याला खात्री होती. आज नाइलाजाने त्याने पुढचा डबा काढायला घेतला. पट्टा वरच्या फटीतूनच चढे, त्यामुळे डब्याचे ते चार स्क्रू जुळणीनंतर कधी सुटलेच नव्हते. पहिला निघायला अर्धा तास गेला.

डबा उघडला. काळ्या, वाळलेल्या वंगणात काहीतरी टोकदार दिसले. त्याने चिमट्याने ते उचलले, रॉकेलमध्ये धुतले आणि भिंगाखाली धरले. लाल खडा.

मैदानातली माती तपकिरी होती. लाल खडी फक्त फळ्यांपलीकडे होती. थोरल्याला वेगळे काही सांगावे लागले नाही. मग उठून त्याने सोनाराचा काटा पुढे ओढला आणि तो खडा पारड्यात ठेवला. पाव ग्रॅमही भरला नाही. त्याने पुन्हा एकदा वजन केले.

दुसऱ्या दिवशी त्याने मला जोडले, कापडात गुंडाळले आणि आम्ही बसने सात तास प्रवास करून बंदराच्या गावी पोचलो.

दार धाकट्यानेच उघडले. तो जाड झाला होता. “दादा... ये ना. आत ये.”

थोरला बसला. त्याने मला टेबलावर ठेवले आणि शेजारी कागदाची पुडी उलगडली. “हा पुढच्या डब्यात सापडला.”

धाकट्याने खड्याकडे पाहिले. त्याने तो हातात घेतला नाही. “मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“तेव्हाच. खडीवर गेल्याबरोबर हिचा आवाज बदलला होता.”

“मग मला का बोललास?”

“सगळे बघत होते रे. तोंडातून निघून गेलं. वाटलं, घरी गेल्यावर सांगू. मग वाटलं, पुढच्या रविवारी. मग इतके दिवस झाले, की काय तोंडाने सांगू असं झालं.” त्याने पुडी थोरल्याकडे सरकवली. “तू एकदा तरी भांडायचंस माझ्याशी!”

“मी कशाला भांडू? मला वाटलं, तुझंच खरं.”

भावजय पाणी घेऊन दारातच थबकली होती. थोरला उठला.

“भाऊजी, जेवून तरी जा,” ती म्हणाली.

“नको. परतीची बस चुकेल.” दारापाशी तो वळला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ही राहू दे इथे. अकरा वर्षं मी उघडली. आता तू उघड.”

तो गेला, आणि मी त्या परक्या घरात फ्रिजवर जाऊन बसले. पहिला रविवार आला. दहा वाजले. कोणी आले नाही. मित्रांनो, नसलेला आजार शोधणारे का होईनात, पण ते हात मला हवे होते. असे पाच रविवार गेले. धाकटा फ्रिज उघडी, बाटली घेई आणि वर न बघता निघून जाई.

सहाव्या रविवारी त्याने मला खाली घेतले. पाना धरायचा कसा हेही त्याला नीट येत नव्हते. दुपारपर्यंत त्याने मला उघडून पुन्हा बंद केले, आणि तीन स्क्रू हातातच उरले. मोटर सुरू केली तर माझ्यातून अशी खरखर निघाली, की भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“लावा ना फोन,” ती म्हणाली. “हात काय क्रेनला बांधलेत?”

त्याने नंबर फिरवला. पलीकडे पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

“दादा, मी बोलतोय.”

धाकट्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“गाडी खरखरतेय,” धाकटा म्हणाला.

“कुठून?”

“काय माहीत! सगळीकडूनच.”

“फोन तिच्याजवळ धर.”

धाकट्याने फोन माझ्या अंगाला टेकवला आणि मोटर चालू केली. मी होता नव्हता तो सगळा जोर लावून खरखरले. सात तासांच्या वाटेवर, एका स्वयंपाकघरात, थोरल्याने डोळे मिटले असणार.

“दात एकमेकांवर चढलेत. मोटरचे दोन स्क्रू सैल कर. आता तिला मागे घे. थोडी.”

“घेतली.”

“अजून.”

“अजून किती, दादा?”

“मी सांगेपर्यंत.”

मित्रांनो, तुमच्या घरात, एखाद्या कपाटावर, माझ्यासारखे एखादे यंत्र पडून असेल. त्याची धूळ पुसा. त्याला तेल द्या, जमिनीवर फिरू द्या, कारण नुसते जपून ठेवलेले यंत्रसुद्धा झिजते. आणि त्याला चालवताना तुमच्या हातून चूक झाली, तर ती त्याच दिवशी, घरी पोचायच्या आत सांगून टाका. आमच्या पोटात खडा अडकला तर आम्हाला तो सांगता येत नाही. तुम्हाला येतो.

त्या दुपारी माझी खरखर थांबायला पाऊण तास लागला. थांबली, तरी फोन कोणीच खाली ठेवला नाही.