आधी रान बघून या

दहावीचा निकाल दुपारी लागला आणि दिवस मावळायच्या आत घाटनांदूरच्या चौकात महारुद्रअप्पांच्या पोरीचा फ्लेक्स लागला. बारा बाय आठचा. मधोमध रुद्राणीचा फोटो, गळ्यात स्टेथोस्कोप. तो फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर चिकटवला होता. पोरीनं जन्मात कधी स्टेथोस्कोपला हात लावला नव्हता. खाली लाल अक्षरांत, 'एक्क्याण्णव टक्के! भावी डॉक्टर कु. रुद्राणी हिचे हार्दिक अभिनंदन!' आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून चौदा पुरुषांचे फोटो. कुणाच्या डोळ्यांवर गॉगल, कुणाच्या कानाला मोबाइल. त्या चौदातल्या एकानंही तिला विचारलं नव्हतं, की बाई, तुला काय व्हायचंय?

हे फक्त घाटनांदूरचं नाही. आपल्या जिल्ह्यातला कुठलाही चौक बघा. निकालाच्या आठवड्यात आपण जेवढे भावी डॉक्टर खांबांना टांगतो, तेवढे खरोखर झाले असते, तर आज सुई टोचून घ्यायला पेशंट उरला नसता!

महारुद्रअप्पा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. सरकी पेंड, मीठ, दोर, घमेली यांचं त्यांचं दुकान. पेंडीचं पोतं गाडीतून उतरायच्या आधी ते त्याची शिवण उसवायचे, मूठभर पेंड नाकाशी धरायचे, आणि वास जुनाट आला तर गाडी तशीच परत पाठवायचे. असा हा चोखंदळ माणूस. पण पोरीच्या शिक्षणाचं सगळं त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत, शेजारी बसलेल्या माणसाचं ऐकून ठरवलं. पोरगी शहरातल्या डॉक्टरकीच्या क्लासला जाणार, तिथंच होस्टेलला राहणार. आणि अकरावी? तिचं नाव लांबच्या कुठल्याशा गावातल्या कॉलेजात घालायचं. तिथं जायचं नाही. हजेरी तिची ती लागते.

"सगळे असंच करायलेत," अप्पा जेवताना म्हणाले. "सोमवारी निघायचं."

"अप्पा, ते कॉलेज कसं हाय?" रुद्राणीनं विचारलं.

"कॉलेजाचं काय करायचंय? तिथं जायचंच न्हाई!"

"मग तिचं नाव तिथं कावून घालायचं?" तिच्या आईनं, शिवम्मानं, भाकरी वाढता वाढता विचारलं.

"कागदाला लागतं."

रुद्राणीनं ताटातली भाकरी कुस्करली, ती कुस्करतच राहिली.

शनिवारी सकाळी साखराबाई दुकानात आली. गावाबाहेरच्या माळावर तिचं पाल होतं, दीडशे मेंढरं होती. मेंढरांसाठी खडेमीठ आणि पालासाठी दोर, एवढंच तिचं दुकानातलं काम. पण ते घ्यायला ती तासभर घ्यायची.

"कदी हलणार?" अप्पांनी दोर मोजत विचारलं.

"आमचे मालक आले म्हंजी. रान बगाया गेलेत धारूरच्या डोंगराकडं. चार दिस झाले."

"अवो, दरसाली तिकडंच जाता की तुमी. त्यात काय बगायचं?"

"दरसाली रान तेच ऱ्हातंय व्हय, आप्पा?" साखराबाईनं मिठाचा खडा जिभेला लावून बघितला. "कुटली हीर आटली, कुण्या रानात फवारा मारलाय, कोण शेतकरी बसू देतोय, कोण काठी घिऊन उबा ऱ्हातोय. बगाया नको? एका सालाला असंच गेलतो, न बगता. फवारलेल्या रानात तेरा मेंढरं पडली. गाभण होती त्यातली चार. तवापून आदी माणूस जातोय, मंग कळप."

एवढं बोलून तिनं चौकाकडं हनुवटी उडवली. फ्लेक्सवर रुद्राणी हसत होती.

"तुमच्या लेकीचं रान कोण बगून आलंय?"

अप्पा हसले. "साखराबाई, हे शिक्षण हाय. मेंढरं न्हाईत."

"न्हाईत म्हणूनच इचारलं. मेंढराला बोलता येत न्हाई, तरी आमी त्याच्यासाठी चार दिस पायपीट करतो. तुमच्या लेकीला तर तोंड हाय. तिला इचारलं?"

"तिला काय कळतंय? सोळा वर्साची पोर."

"कळत न्हाई, तर दावा की तिला! पेंडीच्या पोत्याचा वास घेता, अन् लेक न बगता धाडता व्हय?"

अप्पांच्या हातातला दोर थांबला. त्यांना राग आला. पण गिऱ्हाईक जुनं होतं. तेवढ्यात दुकानाच्या मागच्या दारातून योगीराज आत आला. अप्पांच्या थोरल्या भावाचा हा मुलगा. दोन वर्षं क्लास करून परत आलेला, सध्या घरीच. अप्पांना विषय बदलायला निमित्त मिळालं.

"या डॉक्टर!" ते सवयीनं म्हणाले. "काय पायजे?"

साखराबाईचा चेहरा उजळला. "डॉक्टर हाय व्हय ह्यो? बाबा, माजा गुडगा लई दुकायलाय बग. डोंगर चढाया काय, माळ चढाया बी जमंना."

ती बिचारी खरंच लुगडं सावरून गुडघा दाखवायला बसली. योगीराज जागच्या जागी उभा राहिला. त्यानं अप्पांकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"मावशी, मी डॉक्टर न्हाई," तो हळू म्हणाला. "माझा नुसता फ्लेक्स होता."

साखराबाईनं लुगडं खाली केलं. अप्पांना एकदम आठवलं, की गेलं वर्षभर हा पोरगा समोरच्या दारानं दुकानात आलाच नाही. समोरून यायचं तर चौक लागतो. चौकात पानटपरी. टपरीवर 'काय डॉक्टर, किती पेशंट झाले?' म्हणणारी चार टाळकी. म्हणून पोरगा मागच्या बोळीतून, नालीवरच्या फरशीवरून यायचा. आणि बोळीतून आला, तरी सख्खा काका त्याला तेच म्हणत होता! रोज! हसून!

अप्पांनी हातातला दोर खाली ठेवला आणि विचारलं, "योगीराज, कसं होतं रे तिकडं?"

"तीन वर्सांत पहिल्यांदाच इचारलं तुमी, काका."

"आता तरी सांग."

"शिकवायचे चांगलं. माझ्या खोलीतल्या एकाला डॉक्टरकीला प्रवेश बी मिळाला. त्याला व्हायचंच होतं. लहानपणापून. मला व्हायचंय का न्हाई, हेच मला ठाऊक नव्हतं. फ्लेक्स लागलाय, आता नको कसं म्हणू? अन् अकरावी-बारावी तर कागदावरच. प्रयोगाची नळी मी परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा हातात धरली. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेत मार्क कमी पडले, तवा दुसरं काय करता येतंय ते बघाया गेलतो, तर दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरलेलाच न्हाई. कुणी सांगितलंच नव्हतं की दुसरी परीक्षा असती म्हणून."

साखराबाई उठली, योगीराजच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "मागं फिरायची वाट कुटं हाय, ते बी बगून ठिवावं लागतंय बाबा. मालक आदी तेच बगतेत." आणि मीठ-दोर घेऊन ती गेली.

दुपारी अप्पा जेवायला घरी आले आणि जेवायला न बसता रुद्राणीसमोर बसले.

"बाळा, तुला काय व्हायचंय?"

रुद्राणीनं आधी आईकडं बघितलं. मग म्हणाली, "अप्पा, मला अजून माहीत न्हाई."

वाचकहो, त्या घरात गेल्या महिनाभरात बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य! सोळाव्या वर्षी 'माहीत नाही' म्हणण्यात लाज कसली? लाज आपल्याला वाटली पाहिजे. लेकरानं विचार करायच्या आधी आपण छापून मोकळे होतो.

"पण मला बघायचंय," ती पुढं म्हणाली आणि उठून वही घेऊन आली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. कॉलेजात प्रयोगशाळा चालू आहे का, नुसतं कुलूप आहे? मागच्या वर्षीच्या मुली आता कुठं शिकतात? होस्टेलात रात्री आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं? डॉक्टरकी जमली नाही, तर याच अभ्यासावर आणखी कुठल्या परीक्षा देता येतात? शेतीचं कॉलेज कसं असतं?

"हे कदी लिवलंस?" अप्पांचा आवाज बारीक झाला होता.

"फ्लेक्स लागला त्या रात्री."

"मग दाखवलं कावून न्हाईस?"

शिवम्माच बोलली. "कुणाला दाखवणार? चौदा जण होते की तुमच्यासंगं."

रविवारी सकाळी अप्पा स्वतः शिडी घेऊन चौकात गेले. शिडी योगीराजनं धरली, भर चौकात. टपरीवरून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "काय डॉक्टर!" अप्पा शिडीवरूनच गरजले, "त्याचं नाव योगीराज हाय! तोंडात बसत नसंल तर गप बसा!" टपरी गप बसली. योगीराजनं वर बघितलं नाही. पण शिडी जरा घट्ट धरली.

फ्लेक्स साखराबाईच्या पालावर गेला. कोकरांना सावली झाली. चौदा शुभेच्छुक आतल्या अंगाला आले आणि पहिल्यांदाच कुणाच्यातरी कामाला आले.

सोमवारी बाप-लेक निघाले खरे, पण बॅगा न घेता. बरोबर योगीराज आणि वही. आधी अंबाजोगाईचं कॉलेज, मग रेल्वेनं परभणीला शेतीचं विद्यापीठ, शेवटी तो क्लाससुद्धा. हो, क्लाससुद्धा! क्लास वाईट नसतो. न बघता पाठवणं वाईट असतं. तिथल्या बाईंना रुद्राणीनं वहीतले सगळे प्रश्न विचारले. अप्पा बाजूला उभे राहून ऐकत होते, पेंडीचा वास घेताना होतात तसे एकाग्र होऊन.

रुद्राणीनं अंबाजोगाईला नाव घातलं. खरंखुरं, रोज एसटीनं जायचं आणि हातानं प्रयोग करायचं कॉलेज. डॉक्टर, शेतीशास्त्र की आणखी काही, ते अकरावी संपेस्तोवर ठरवायचं, असं तिनं आणि अप्पांनी मिळून ठरवलं. योगीराजनंही परभणीहून एक फॉर्म आणला. त्याचं काय होतंय ते होईल. पण तो आता चौकातून जातो.

आणि तुम्ही, ज्यांच्या घरात यंदा दहावी-बारावीचं लेकरू आहे? फ्लेक्सवाल्याला फोन लावायच्या आधी लेकराशेजारी बसा. त्याला विचारा, त्याला दाखवा, त्याच्याबरोबर चार दिवस पायपीट करा. आणि ते 'माहीत नाही' म्हणालं, तर गप राहून त्याला बघू द्या. मेंढपाळ माणूस जे मेंढरांसाठी करतो, तेवढं तरी आपण पोटच्या लेकरासाठी करू!