बसंतीबाईची माती आणि माझा काटा

मित्रांनो, यवतमाळच्या एका कॉलेजातल्या कपाटात सागवानी पेटी दिसते ना, ती मी. मी एक जुना पी.एच. मीटर आहे. नाव अवघड, काम साधे. पाण्यात कालवलेल्या मातीत माझी काचेची नळी बुडवली, की माती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते माझा काटा सांगतो.

१९५८ साली इथल्याच कमलाकरसरांनी मला घडवले. नळीतून येणारी वीज इतकी नाजूक, की ती वाढवायला व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असे तसा काचेचा दिवा लागे. पण एकटा व्हॉल्व्ह तापला, की काटा भरकटे. मग सरांनी एकसारखे दोन व्हॉल्व्ह जोडले. तापले तरी दोघे सारखेच तापत आणि मी त्यांच्यातला फरक तेवढा पाही. काटा स्थिर झाला. मी फुशारून गेलो, खोटे कशाला सांगू?

त्याच वर्षी खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या कुंदाताईंनी आम्हा सर्व उपकरणांची पूजा केली. तेवढ्यात बोरी अरबजवळच्या बंजारा वस्तीतून, तांड्यावरून, बसंतीबाई माती घेऊन आल्या.

"नवीन जमिनीत विहीर खोदून राह्यलो साहेब. जमीन चोपण असंन तं आताच सांगा. तांडा दुसरीकडं नेऊ."

क्षार फार वाढलेल्या चोपण जमिनीत पीक धड येत नाही; तिथे माझा काटा साडेआठाच्या वर जातो. सरांनी नळी बुडवली. काटा सातावर गेला, मग नवावर, पुन्हा सहावर! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"माझी जोडणीच चुकली," म्हणत सरांनी व्हॉल्व्ह बदलले, तारा पुन्हा डाख देऊन जोडल्या. दुपार टळली, तरी काटा थांबेना.

बसंतीबाई जवळ येऊन निरखू लागल्या. "नळीची तार खोचता तिथं ओलं कुकू हाय. चालते का जी?"

सर चमकले. माझी नाजूक वीज त्या ओल्या कुंकवातूनच पळत होती!

कुंदाताईंचे डोळे भरले. "सर, मीच लावलं हो."

"पूजा कराच, फक्त पेटीवर करा," सर हसले. त्यांनी ती जागा स्पिरिटने पुसून कोरडी केली. काटा साडेसातावर आला आणि तिथेच राहिला.

"बाई, जमीन चांगली आहे. खोदा विहीर."

बसंतीबाई हसता हसता रडल्या.

आता नवी यंत्रे आली आहेत, मला क्वचितच कोणी काढते. मित्रांनो, काढाल तेव्हा आधी हात कोरडे करा. बोटभर ओलीमुळे एक वस्ती उठणार होती.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी बसंतीबाई पुन्हा आल्या होत्या, बाटलीत विहिरीचे पाणी घेऊन. "याच पेटीत पाहा," म्हणाल्या. सरांनी मला पुसले, तापू दिले. काटा जरासा हलला आणि साडेसातावर थांबला.