प्रस्थानाला ठेवलेली चाकांची खोली

मित्रांनो, मला छप्पर आहे, दार आहे, तीन खिडक्या आहेत आणि खाली दोन चाकं. इंजिन मात्र नाही. मोटारीच्या मागे जोडून कुणी ओढलं तरच मी चालते. माझं वय झालं आहे. पण एके काळी गिरगावात माझ्यासारखी दुसरी नव्हती. मुलं मला बघायला धावत यायची, आणि म्हाताऱ्या बायका दाराशी थबकून हात जोडायच्या. त्यांना वाटे, हा कुठल्या तरी देवाचा रथ आहे.

माझा जन्म रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीमागे झाला. कुशाबा नावाचे सुतार होते. परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात ते कामाला. सुट्टीच्या दिवशी वखारीत येऊन त्यांनी मला घडवलं. सागाचा सांगाडा, वरून पत्रा, आणि लढाईनंतर भंगारात निघालेल्या गाडीचा आस. आत दोन बाकं, ती जोडली की निजायला जागा. कोपऱ्यात स्टोव्हची पेटी. माझ्या अंगात पहिला खिळा ठोकण्याआधी कुशाबांनी पटाशीला आणि माझ्या सागाला हळदकुंकू लावलं होतं. तो स्पर्श मला अजून आठवतो.

मला करवून घेतलं गिरगावच्या चिंतामणरावांनी. ते एका सॉलिसिटरच्या कचेरीत होते. घरी वडिलांच्या वेळची मोटार होती. विलायती मासिकात त्यांनी माझ्यासारखीचं चित्र पाहिलं आणि ते कापून खिशात ठेवलं. लोक म्हणाले, हा छंद आहे. छंद नव्हता, मित्रांनो. त्यांच्या पत्नीचे, उर्मिलाबाईंचे डोळे चालले होते.

आधी त्यांना बाजूचं दिसेनासं झालं. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी चिंतामणरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "पुढची दिवाळी त्या डोळ्यांनी बघतील, असं धरून चालू नका." उर्मिलाबाईंनी ते ऐकलं. त्या रडल्या नाहीत. रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देणं, पोथीचा अध्याय वाचणं, सोमवारी एकभुक्त राहणं, हे जसं चाललं होतं तसंच चालू राहिलं. फक्त एकदा ताट वाढताना त्या हळूच म्हणाल्या, "अहो, चौपाटीला असतो तो समुद्र जरासाच. उरलेला कुठे असतो, तो एकदा बघायचाय."

जन्म गिरगावचा, सासर गिरगावचं. बाईंनी दुसरा समुद्र पाहिलाच नव्हता.

मग जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. त्याची टोकं वर येऊ नयेत म्हणून चारी बाजूंना वाट्या ठेवल्या. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा, खाडी ओलांडून मुरूड. समुद्र उजव्या हाताला धरून जायचं. मुक्कामाला ओळखीचं घर नको, धर्मशाळा नको. जिथे बाईंना थांबावंसं वाटेल तिथे थांबायचं. म्हणून तर मी!

बेत ठरवताना वाद काय कमी झाले? चिंतामणरावांचे काका, तात्या, त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "देव्हारा कुठे?"

"पूर्वेच्या भिंतीला," चिंतामणराव म्हणाले.

"आणि गाडी वळली की?"

चाकांवरच्या खोलीत पूर्व कुठली? दहा वर्षांची शकू, त्यांची मुलगी, फिदीफिदी हसायला लागली. "देवाला चक्कर येईल, तात्याआजोबा!"

कुशाबांनी देव्हारा एका खुंटीवर फिरता केला. तो हाताने फिरवून दाखवत ते म्हणाले, "घ्या. आता देव बघतील तिथं पूर्व." तात्यांनी तो दोनदा फिरवून पाहिला आणि नाइलाजाने मान हलवली. शकूने मात्र दिवसभर फिरवला.

मागची मोठी खिडकी ही चिंतामणरावांची मागणी. "हिला मान वळवायला लागू नये. जे असेल ते समोर दिसलं पाहिजे."

आता मुहूर्त. छप्पन सालची संक्रांत जवळ आली होती. तात्यांच्या पंचांगात चांगला दिवस निघाला तो संक्रांतीच्या आधीचा, आणि चिंतामणरावांची रजा सुरू होणार होती करिदिनानंतर. अशा वेळी आपल्याकडे काय करतात? प्रस्थान ठेवतात. मुहूर्तावर सुपारी, हळकुंड, एखादं वस्त्र असं गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला असं धरतात. नंतर ठरावीक दिवसांच्या आत सोयीने जायचं. मात्र एकदा ठेवलेलं प्रस्थान माघारी आणायचं नाही.

तात्या म्हणाले, "गाठोडं कशाला? खोलीच प्रस्थानाला ठेवा."

म्हणून मला परळला नेलं, जायच्या वाटेवर, कुशाबांच्या चाळीच्या पटांगणात. दाराशी नारळ ठेवला, आत उर्मिलाबाईंचं हिरवं लुगडं. कुशाबांच्या पत्नी शेवंतीबाई रोज संध्याकाळी माझ्यासमोर उदबत्ती लावायच्या. चाळीतली माणसं येऊन आत डोकवायची. "च्यायला, आमच्या खोलीपेक्षा मोठी हाय की रे!" असं कुणीतरी म्हणालं, आणि मला उगीच संकोच वाटला.

संक्रांत झाली, करिदिन झाला, आणि मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ही बातमी आली तशी चाळींतून माणसं खाली उतरली. गोळीबार झाला. संचारबंदी लागली. गिरगाव तिकडे अडकलं, मी परळला. त्या दिवसांत मी जे पाहिलं ते माझ्यासारख्या लाकडाला पेलणारं नव्हतं. एवढी माणसं एका सुरात बोलली की पत्राही थरथरतो, हे मला तेव्हा कळलं.

एका दुपारी पोरांचा घोळका पटांगणात शिरला. लष्करी गाड्या येऊ नयेत म्हणून त्यांना रस्त्यावर काहीतरी आडवं टाकायचं होतं.

"हा डबा ओढा रे! मस्त आडवा बसेल!" जयवंत ओरडला. तो त्याच चाळीतला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा.

चौघांनी मला धरलं. माझी चाकं हलली. रस्त्यावर गेले असते तर माझा भुगा झाला असता. बाईंचा उरलेला समुद्र तिथेच संपला असता.

शेवंतीबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या. "हात काढ मेल्या! दाराशी काय हाय बघितलंस काय?"

"काकी, बाजूला व्हा. ही काय वेळ हाय?"

"प्रस्थान हाय ते! गिरगावच्या बायचं. डोळे चाललेत तिचे. दर्या बघायला निघालीय."

"निघालीय कुठं? घरात बसलीय. संचारबंदी हाय!"

"प्रस्थान ठेवलं म्हणजे निघाली. तुझी आई गावाला जाताना काय ठेवत नव्हती?"

जयवंत नारळाकडे बघत राहिला. त्याच्यामागे दगडू नावाचे वयस्क कामगार होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "सोडा रे तिला. निघालेल्या माणसाची वाट अडवू नये. नाक्यावरच्या वखारीतली रिकामी पिंपं आणा."

माझ्यावरचे हात एकेक करून सुटले. बाहेर घोषणा चालूच होत्या. पण त्या घोळक्याने मला जपून, लेकीला आत न्यावं तसं, भिंतीच्या आडोशाला नेलं. जयवंताने खडूने माझ्या अंगावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "प्रस्थान आहे. हात लावू नये." थोडं थांबून खाली आणखी एक ओळ: "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

संचारबंदी उठली तेव्हा चिंतामणराव, तात्या, शकू आणि उर्मिलाबाई मोटार घेऊन परळला आले. निघायचं म्हणून नाही. तात्यांनी हात मागे बांधून माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "प्रस्थानाची मुदत उलटली. हा मुहूर्त गेला. आता घरी न्या, शांती करून घ्या, पुढचा बघू."

"पुढचा कधी?" चिंतामणरावांनी विचारलं.

"फाल्गुनात एक बरा आहे."

चिंतामणरावांचा चेहरा मी पाहिला. काकांपुढे त्यांनी कधी उलट शब्द काढला नव्हता. गेल्या काही दिवसांत उर्मिलाबाईंना समोरचंही धूसर दिसू लागलं होतं. माझं दार शोधायला त्यांनी भिंतीवर हात फिरवला होता.

"तात्या," उर्मिलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मुहूर्त गेला नाही."

"म्हणजे?"

"ही घराबाहेर पडली, त्या दिवसापासून मी प्रवासात आहे. घरच्या अंथरुणावर पाठ टेकलेली नाही. गॅलरीत सतरंजीवर निजते. घरचं रांधलेलं खाल्लं नाही, वाटेसाठी केलेल्या दशम्याच खाते."

"अगं, मला वाटलं नवं व्रत धरलंस!" चिंतामणराव म्हणाले.

"व्रतच आहे. निघालेल्या माणसाचं." मग तात्यांकडे वळून, "मी निघालेच आहे, तात्या. आता माघारी नेऊ नका."

तात्यांनी पंचांग काखेत धरलं. मग खाकरून म्हणाले, "शकू, तू मागे बस. मागे माझे पाय आखडतात."

असे आम्ही निघालो. खडूची अक्षरं पुसायची कुणालाच आठवण राहिली नाही. गावोगावी लोक ती वाचून जयघोष करत. पेणला एका बाईने शहाळी आत ठेवली आणि नावही सांगितलं नाही.

रेवदंड्याच्या खाडीवर दोन होड्या जोडून वर फळ्या टाकल्या होत्या. त्यावर मला चढवलं. मित्रांनो, माझा जन्म जमिनीवर चालायला झाला होता! खाली हिरवं पाणी हलत होतं, आणि माझ्यासारखी जड वस्तू त्याच्यावरून पानासारखी चालली होती. मी जीव मुठीत धरला. उर्मिलाबाई मोठ्या खिडकीशी बसून नुसत्या बघत होत्या. ओठ हलत होते. शकू म्हणाली, "आई, जप करतेस?"

"नाही गं. मोजतेय. रंग."

मुरूडच्या वाटेवर एका वळणावर मोटारीत बसलेल्या बाईंनी हात वर केला. मोटार थांबली. खाली सुरूची झाडं होती, आणि त्यांच्यापुढे तो. उरलेला समुद्र. मी चौपाटीचा समुद्र पाहिला होता, पण तो भेटायला आलेला पाहुणा. हा आपल्या घरात होता. त्याला पलीकडची बाजूच नव्हती. लाटा एकामागून एक येत होत्या, आणि कुणी बघतंय का याची त्यांना काळजी नव्हती. तात्यांनी टोपी हातात घेतली. चिंतामणराव सांगू लागले, "ते बघ, डावीकडे किल्ला..." बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. ते थांबले.

सूर्य टेकला तेव्हा त्या ओल्या वाळूत उभ्या होत्या, पायाशी फेस. आयुष्यभर त्यांनी सूर्याला उगवताना पाणी दिलं होतं. त्या दिवशी त्यांनी ओंजळीत समुद्रच घेतला आणि मावळत्याला दिला. "रोज तुला येताना बघितलं," त्या म्हणाल्या, "आज जाताना बघते. नीट जा."

सूर्य गेला. त्या लगेच माघारी वळल्या नाहीत. पाणी पूर्ण काळं होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. शकू त्यांचा पदर धरून उभी होती, पण तिनेही घाई केली नाही.

दिवाळी आली तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं खरं झालं होतं. बाईंनी पणत्या हाताने चाचपून लावल्या. पुढे मोटार विकली गेली आणि मी खोताच्या वाडीजवळच्या एका अंगणात येऊन उभी राहिले. माझ्यात तुटकी खुर्ची, रिकामे डबे, जुन्या गाद्या साठल्या. पाऊस आत येऊ लागला. त्याची मला फारशी खंत नाही. उर्मिलाबाई होत्या तोवर संध्याकाळी त्या काठी टेकत यायच्या, गाद्या बाजूला सारायच्या आणि वाडीतल्या मुलांना खाडीच्या पाण्याचे रंग एकेक करून सांगायच्या. डोळे असलेली मुलं डोळे मिटून ऐकायची.

मित्रांनो, माझ्यावर तेलाचा हात फिरवलात तर मी तुम्हाला दुवा देईन. पण त्याआधी एक काम करा. घरातलं कुणी हळू आवाजात "मला एकदा अमुक बघायचंय" असं म्हणालं, तर पंचांग अवश्य बघा. आणि पंचांग बघून झालं की त्या माणसाच्या डोळ्यांतही बघा.